अकराव्या लॉटचं बेसन

आमच्या बचत गटाच्या शेडला दोन दारं आहेत. पोतं मागच्या दाराने आत येतं आणि पुडा पुढच्या दाराने बाहेर जातो. अन्न परवान्याची नोंदणी घेतली तेव्हा वाशीमला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यात हे सांगितलं होतं. मी घरी येऊन ते कार्डशीटवर लिहिलं आणि भिंतीला लावलं. खाली बाकीचं लिहिलं: डोक्याला टोपी, नखं कापलेली, बोटाला जखम असेल तर त्या दिवशी पिठाला हात नाही, उंदराची लेंडी दिसली तर काम तिथेच बंद. मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. माहेरी लग्न असलं की भाऊ आधी मला बोलावतो आणि मग आचाऱ्याला.

आमचं गाव अनसिंगच्या पलीकडे आहे. गटात आम्ही नऊ जणी. अनुदानातून मिनी दालमिल आणि एक गिरणी मिळाली, त्यावर आम्ही तूरडाळ, चणाडाळ आणि बेसन करतो. उन्हाळ्यात हळद-तिखट. एका दमात जेवढा माल दळला त्याला आम्ही एक लॉट म्हणतो. प्रत्येक पुड्यावर लॉटचा नंबर आणि तारखेचा शिक्का असतो. वहीत त्या नंबरापुढे चार गोष्टी लिहायच्या: माल कुणाकडून आला, आला तेव्हा कसा दिसला, पुडे किती झाले आणि कुणाकुणाला गेले, फोन नंबरासह.

या वहीची सगळ्यात जास्त थट्टा करायची माझी मोठी जाऊ. गटात तिच्याएवढं काम कुणाला जमत नाही. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून ती सांगते की डाळ किती दिवसांची आहे, आणि ते बरोबर निघतं. पण लिहिण्याचा तिला कंटाळा. मी वही उघडली की ती ठरलेलं वाक्य म्हणायची, "लिही बापा लिही. कोन कवा खोकललं तेही लिहून ठेव."

तीन दिवाळ्यांपूर्वीची ही गोष्ट. सोयाबीन निघालं होतं, रानात हरभरा पेरून झाला होता आणि दिवाळी पाच दिवसांवर आली होती. या दिवसांत बेसन पुरत नाही. जावेने तिच्या घरचा हरभऱ्याचा एक कट्टा, म्हणजे लहान पोतं, आणून मागच्या दाराशी ठेवला. मी त्याचं तोंड सोडून पाहिलं. दाणा टपोरा होता, धुऊन वाळवलेला होता. बाकीच्या बाया माती-खड्यासकट माल आणतात, हिने धुऊन आणला म्हणून मी तिचं कौतुकसुद्धा केलं. 'कसा दिसला' या रकान्यात 'उत्तम' लिहिलं. कट्ट्याच्या तळात हात घातला नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर घातला असता. घरच्या माणसाला काय विचारायचं, असं वाटलं, हे आता लिहितानाही मला बरं वाटत नाही.

तो अकरावा लॉट. अर्धा अर्धा किलोचे अडतीस पुडे झाले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये एकटी होते. डाळ करताना निघालेलं टरफल आम्ही ढोरांसाठी देतो. त्या लॉटचं टरफल पोत्यात भरता भरता मला दाण्याच्या चोचीकडच्या सालीवर गुलाबी ठिपके दिसले. एक दिसला, मग दिसतच गेले. मूठभर टरफल मी स्टीलच्या वाटीत पाण्यात टाकलं. थोड्या वेळाने पाणी फिकट गुलाबी झालं.

हा रंग आमच्याकडे कुणाला सांगावा लागत नाही. पेरणीच्या दिवसांत सगळ्यांच्या हातांना तो असतो. बुरशी लागू नये म्हणून बियाण्याला जे औषध चोळतात, त्याचा रंग. ते पेरायचं असतं, खायचं नसतं, आणि हे समजावं म्हणूनच त्यात रंग घालतात.

मी वाटी तशीच हातात घेऊन जावेच्या घरी गेले. ती अंगणात चिवड्याचे पोहे वाळत घालत होती.

"बाई, तुमच्या कट्ट्यातला हरभरा कुठला होता?"

"कुठला म्हंजे? घरचा."

"कशासाठी ठेवलेला?"

"पेरन्यातला उरला थो. तुह्या भासऱ्यानं दोन एकरात गहू टाकला नं यंदा, मंग कट्टाभर चना तसाच पडला."

"औषध लावलेला होता?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मग वाटीकडे.

"धुतला नं मी," ती म्हणाली. "तीन पान्यानं धुतला. चोळू चोळू. चौथं पानी नितळ आलं पाय. अवं, एवढा सोन्यासारखा दाना फेकून द्यायचा काय?"

"औषध सालीच्या आत मुरतं, बाई. पाण्याने जात नाही."

"मांगच्या साली आमी खाल्ला. काय झालं आमाले?"

काही झालं की नाही हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "आपण मोठी माणसं आहोत. तीस पुडे बाहेर गेलेत. लाडू लेकरं खातात."

ती खाली बसली. पोह्यांवर हात फिरवत राहिली. मग उठून पदर खोचला आणि म्हणाली, "चाल. वही आन तुही."

पण आधी गटाच्या बायांना सांगणं भाग होतं. नऊ जणी शेडमध्ये जमलो. वाटी मधोमध ठेवली. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. चार घरं नावं ठेवतील, गट बंद पडेल, परवाना जाईल. एकजण म्हणाली, "कायले एवढं सांगत बसायचं? पोरकिडे निघाले म्हना आन पुडा बदलून द्या. कोनाले काय समजते?"

मला ते सोपं वाटलं, खोटं कशाला बोलू. क्षणभर मी तयारही झाले होते. पण मग मी स्वतःला पुडा नेलेल्या बाईच्या जागी उभं करून पाहिलं. पोरकिडे म्हटल्यावर माझ्या ओळखीतली एकही बाई पीठ परत देणार नाही. ती चाळेल, उन्हात टाकेल आणि वापरेल. मीसुद्धा तेच केलं असतं. पुडा परत यायला हवा असेल तर खरं कारणच सांगायला पाहिजे, दुसरं कोणतंही कारण पुरणार नाही. मी हे बोलले तेव्हा ती बाई स्वतःच हसली. "होये माय, मी तं चाळूनच खाल्लं असतं."

प्रशिक्षणात मिळालेल्या कागदावर जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचा नंबर होता. तो मी तेव्हा वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतला होता, कधी लागेल असं न वाटता. फोन लावला आणि मी सगळं सांगितलं. ऐकून घेऊन ते म्हणाले, "लॉट नंबर टाकता तुम्ही?"

"हो साहेब."

"कुणाला गेलं त्याची यादी आहे?"

"आहे."

"मग घाबरू नका. आज संध्याकाळपर्यंत जेवढे जमतील तेवढे परत घ्या. उरलेले सील करून बाजूला ठेवा, त्यातला एक मी तपासणीला नेईन. ज्यांनी खाल्लं असेल त्यांना दवाखान्यात दाखवा, काही वाटत नसलं तरी. ढोरांना घालू नका, नाल्यात टाकू नका. आणि रात्री मला आकडा कळवा."

परवान्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

तीसपैकी सहा पुडे अनसिंगच्या एका किराणा दुकानात होते. फोन केला तर दुकानदाराने अजून खोकंही फोडलं नव्हतं. त्याला वेगळं ठेवायला सांगितलं. तेवीस गावात. आणि एक पुडा, त्याच्यापुढे एका बाईचं नाव आणि फोनचा रकाना कोरा. ते मी शेवटी बघायचं ठरवलं. आधी जवळचं आवरायचं, हा माझा स्वभाव.

तिघींच्या दोन टोळ्या केल्या, तिसऱ्या टोळीत मी आणि जाऊ, आणि एकीला परत येणारे पुडे मोजायला शेडमध्ये बसवलं. मी तिला म्हटलं होतं, "तुम्ही काही बोलू नका. गटाच्या मालात चूक झाली एवढं मी सांगते." कुणाचा कट्टा होता हे गावाला कळायचं कारण नव्हतं.

पहिलं घर आमच्याच बोळातलं. मी तोंड उघडायच्या आधी जाऊ म्हणाली, "माह्या घरचा चना होता थो. औषिदाचा. म्या धुऊन टाकला, मले वाटलं निघून जाते. तुहा पुडा दे वापस, हा दुसरा घे."

ती बाई गोंधळली. "काहून वं काकू, तुमी एवढ्या जुन्या बाया..."

"जुनी हावो म्हनूनच त झालं. नवी असती त ईचारलं असतं कोनाले."

पुढच्या घरीही तिने तेच सांगितलं, त्याच्या पुढच्याही घरी तेच. पाचव्या घरापर्यंत मी फक्त वहीवर खुणा करणारी झाले होते. एका घरी सासू आणि सून दोघी ऐकत होत्या. जावेचं बोलणं संपल्यावर सासूने सुनेला हळूच विचारलं, "आपला हायब्रीडचा गुलाबी गहू टाकीत हाये, थो कायचा?" सून म्हणाली, "तुमीच म्हनल्या न्हवं धुऊन दळून आनू." मग दोघींनी आमच्याकडे पाहिलं आणि टाकीवरचं झाकण काढायला आत गेल्या. त्या दिवशी आणखी दोन घरांत असंच निघालं. जावेने तीन पाण्यांत जे केलं ते गावात बरीच घरं करत होती, फक्त कुणी बोलत नव्हतं. दाणा फेकायचा नाही, एवढंच सगळ्यांना शिकवलेलं.

दोन घरी लाडू वळून झाले होते. लाडू परत मागणं फार अवघड. साजूक तूप, साखर, वेलदोडा, आणि त्या बाईचा अर्धा दिवस. पुडा दिला तरी ते भरून येत नाही. जावेने दोन्ही डबे उचलले आणि ती म्हणाली, "परवा सकाळी ये शेडमधी. मी भाजून देतो, मीच वळतो. तू निरी बसून राह्य."

एका घरी आदल्या दिवशी भजी झाली होती. म्हातारे बाबा आणि सून, दोघांनीच खाल्ली होती. मी दोघांना ऑटोत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर बाईंनी तपासलं, विचारपूस केली, दोन दिवस लक्ष ठेवा, मळमळ किंवा चक्कर वाटली तर लगेच या म्हणाल्या. बाबा स्टुलावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "डाक्टर बाई, मले काई नाई झालं. लय दिवसानं सुनेनं भजे केले, आन या बाया ते बी वापस घ्याले आल्या." डॉक्टर बाई हसल्या. सून मात्र हसली नाही. परत येताना ऑटोत तिने मला विचारलं, "काकू, तुमी सांगलं नसतं त आमाले कोन सांगलं असतं?" मी तिला म्हटलं की दोन दिवस रोज सकाळी फोन करीन. केला. दोघंही ठणठणीत राहिली.

दुपारी चारच्या आसपास अनसिंगचे सहा आणि गावातले तेवीस, सगळे हिशेबात आले होते. पुडे, उघडे पुडे, लाडवांचे दोन डबे, भज्यांनंतर उरलेलं पावशेर पीठ. आता एकच राहिला, ज्याच्यापुढे फोनचा रकाना कोरा होता.

ती बाई आमच्या सोयाबीन कापणीला यायची. दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर ती आणि तिचा नवरा दोन लेकरं घेऊन ऊसतोडीला सांगलीकडे जातात. पुडा घ्यायला आली तेव्हा ती गडबडीत होती. फोन नवऱ्याजवळ असतो, नंबर पाठ नाही, म्हणाली होती. मी 'नंतर' म्हणून रकाना सोडला. ट्रक आदल्या दिवशी पहाटेच गेला होता.

आम्ही दोघी तिच्या सासूकडे गेलो. म्हातारी एकटीच दारात बसलेली. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "भाकरी त बांधून नेल्या तिनं. पन तिथं पोचल्यावर पयल्या दिवशी पिठलंच टाकते ते. दुसरं काय करन? चूल मांडली का पिठलं."

आतापर्यंत मी दिवसभर घरं मोजत होते. आता ते दोन लेकरांवर आलं होतं. मोठं सहा वर्षांचं, धाकटं तीन. पुडा घेताना धाकटं तिच्या कडेवर होतं आणि शिक्क्याच्या शाईला बोट लावत होतं.

मुलाचा नंबर म्हातारीजवळ होता, चुन्याने भिंतीवर लिहिलेला. लावला तर फोन बंद. त्यांना तोडीला नेणाऱ्या मुकादमाचा नंबर गावात तिघांकडे असतो, तो मिळवला. पहिल्यांदा नुसती रिंग गेली. दुसऱ्यांदा त्याने उचलला, मागे गाड्यांचा आवाज.

"कोन बोलते?"

मी सांगितलं.

"बेसनासाठी फोन? बाई, मी इथं साठ मानसं उतरवून राह्यलो, कोयते मोजून राह्यलो. उद्या बोलू."

त्याने ठेवायच्या आत जावेने माझ्या हातातून फोन घेतला. "हे पाय भाऊ. त्या पिठात औषिद हाये. माह्या हातानं गेलं थे. त्या पोरीले आत्ता फोन दे. चूल पेटली अशीन त पयले ईझवाले सांग. तुह्या लेकराले असतं त तू उद्या बोलला असता काय?"

त्याने फोन ठेवला नाही. मग मुकादम कुणाला तरी मोठ्याने हाक मारत चालायला लागला. फोन आम्ही दोघींनी कानांच्या मधे धरला होता, त्यात त्याची पावलं ऐकू येत होती, कुत्रं भुंकलं, कुणीतरी बांबू आपटला. म्हातारी भिंतीला टेकून उभी राहिली होती. मी वही बंद करून छातीशी धरली होती.

"हालो? कोन, काकू?"

"बाई, तू आमच्याकडून बेसन नेलं ना?" मी म्हटलं. "वापरलं का त्यातलं?"

"नाई. काहून?"

"पिठलं नाही केलं?"

"करून राह्यली नं आत्ता. पन थे घरच्या पिठाचं हाये, बुढीनं बांधून देल्लं. तुमचं शिक्क्यावालं कायले पिठल्यात घालू? थे दिवाळीच्या दिवशी लाडू कराले ठेवलं. पोट्ट्याले दाखवून ठेवलं, रोज ईचारते कवा करते म्हनून."

जावेने फोन माझ्या हातात दिला आणि ती म्हातारीच्या पायाशी जाऊन बसली. म्हातारीने विचारलं, "काय म्हनते?" "फोडला नाई पुडा," जाऊ म्हणाली. मी फोनवर त्या बाईला सगळं समजावलं. पुडा फोडू नको, जनावरांच्या तोंडी जाईल असं टाकू नको, पाण्यापासून लांब हातभर खड्डा कर आणि पुर. पुरताना फोटो काढ, आम्हाला दाखवावा लागतो.

"खड्डा करीन. इथं टिकाव हाये," ती म्हणाली. "पन पोट्ट्याले काय सांगू?"

हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. मी जावेकडे पाहिलं. ती उठून फोनजवळ आली आणि म्हणाली, "त्याले सांग, लाडू गावाहून येऊन राह्यले. दुसरा ट्रक परवा निंघते नं? त्यात धाडतो. कितीक लेकरं हायेत तिथं तुमच्या तांड्यात?"

"मले काय माहीत काकू. पंधराक असतीन."

"बरं."

मुकादमाच्या फोनवरून अर्ध्या तासाने फोटो आला. उसाच्या बांधाकडेला खड्डा, त्यात आमच्या शिक्क्याचा न फोडलेला पुडा, आणि कडेला एका लेकराचे अनवाणी पाय. मी अधिकाऱ्यांना फोन करून सांगितलं, अडतीसपैकी अडतीस. त्यांनी विचारलं, तो शेवटचा सांगलीकडचा कसा मिळाला. मी म्हटलं, आमच्या जाऊबाईंनी मिळवला. चार दिवसांनी ते येऊन एक सीलबंद पुडा घेऊन गेले, बाकीचे त्यांच्या समोर पुरले. त्यांनी एक लेखी ताकीद दिली, ती मी फाइलला लावली आहे. आवक मालाच्या तक्त्यात आता पहिलाच प्रश्न असतो: हा पेरणीचा उरलेला आहे का? तो प्रश्न प्रत्येकीला विचारायचा आणि घरच्या माणसाला दोनदा, असं जावेने ठरवलं आहे. विचारायचं कामही तिनेच घेतलं. मागच्या दाराशी स्टूल टाकून ती बसते आणि कट्ट्याच्या तळापर्यंत हात घालते.

पण मला सांगायचं आहे ते दिवाळीच्या आदल्या दिवसाचं. त्या सकाळी बाराव्या लॉटचं बेसन आम्ही शेडमध्ये तीन कढयांत भाजायला घेतलं. ज्यांचे लाडू परत घेतले त्या दोघी आल्या होत्या. त्यांना नुसतं बसून राहायला सांगितलं होतं, पण पाच मिनिटांत त्या वळायला लागल्या. भजी खाल्लेल्या बाबांची सून तूप घेऊन आली. ती गटात नव्हती. मी तिला टोपी दिली, नखं पाहिली आणि हात धुवायला लावले. "बापा, सासूपरीस कडक," ती म्हणाली, पण धुतले.

दुपारी ट्रक निघायच्या आधी डबा तयार झाला. मुकादमाच्या भावाने तो ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवला आणि तो जावेला म्हणाला, "रस्त्यात मी दोन खाल्ले त चालते काय वं काकू?"

"चालते. पन खाल्ल्यावर फोन करून सांगजो, किती उरले," जाऊ म्हणाली.

तिसऱ्या दिवशी माझ्या फोनवर त्या बाईने बोलून पाठवलेला व्हॉइस मेसेज आला. मागे कोयत्यांचा खटखट आवाज आणि कुणीतरी गाणं लावलेलं. ती सांगत होती की लेकरं अठरा निघाली, सगळ्यांना एक एक मिळाला आणि मोठ्या माणसांना अर्धा अर्धा. मग फोन लेकराने ओढून घेतला असावा, कारण पुढे नुसता त्याचा श्वास आणि चावण्याचा आवाज होता. जावेने तो मेसेज माझ्याकडून तीन वेळा लावून घेतला.